कुणाच्या बाजूनं

खोली बघायला गेले तेव्हा भाडं, अनामत, पाणी कधी येतं, कचरा कुठं टाकायचा हे सगळं घरमालकांच्या सुनेनं सांगून टाकलं होतं. म्हातारे घरमालक ओसरीवर लोखंडी खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. पांढरं धोतर, वर खाकी स्वेटर, डोक्याला मफलर, आणि हे सगळं ऐन एप्रिलात. सून बोलायची थांबली तसा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"काम काय करता?"

"हिंजवडीला असते. जावावर काम करते," मी म्हणाले.

म्हातारे खुर्चीतून उठलेच. "जावात? कदी गेलता?"

"गेले नाही. इथंच करते, कॉम्प्युटरवर."

"हितं बसून जावाचं काम?"

"हो."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुणाच्या बाजूनं?"

मला वाटलं, क्लायंट कोण म्हणून विचारतायत. "अमेरिकेच्या," मी म्हणाले. "म्हणजे कंपनी अमेरिकेची आहे."

ते सावकाश परत बसले आणि सुनेला म्हणाले, "म्हंजी आता अमेरिका शिरली व्हय तितं. मला वाटलंच हुतं."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मला काहीच कळेना. मग तिनंच सांगितलं, की मामंजी तरणे असताना पलटणीतून जावाला गेले होते, जावा नावाचं बेट आहे, आणि ती लढाई त्यांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी रोज आठ-नऊ तास ज्या कॉम्प्युटर-भाषेत लिहायचे तिच्या नावाची एक जागा आहे, तिथं माणसं राहतात, आणि उरवड्याच्या अलीकडच्या या गावातला एक माणूस तिथं बंदूक घेऊन उभा होता, हे मला त्या दिवशी कळलं. खोली घेतली. नवरा कामाला जायचा तो कारखाना उरवड्यालाच होता, मला माण गावावरून हिंजवडी गाठता यायची. पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नामुळंच घेतली असावी.

गाव त्यांना नाईक म्हणायचं. ते आडनाव नव्हे, पलटणीतला हुद्दा. तोही जावाहून परतल्यावर मिळालेला. सैन्य सोडून त्यांना कितीतरी दशकं झाली होती; आम्ही राहायला गेलो तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात असतील. पण हुद्दा चिकटला तो चिकटलाच. मी मात्र त्यांना बाबा म्हणायचे आणि ते मला पोरी म्हणायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भांडान दोघांचं असतंय. पन तिसरा आल्याबिगर त्येची लढाई व्हत न्हाई." हे वाक्य ते कशालाही लावायचे. शेजारच्या दोन भावांचं बांधावरून वाजलं, की नाईक काठी टेकत जाऊन उभे राहायचे आणि दोघांचं काहीएक न ऐकता विचारायचे, "ह्यात तिसरा कोन हाय त्ये सांगा." बहुतेक वेळा कुणीतरी निघायचाच. कुणी प्लॉटवाला एजंट, कुणी मेहुणा. टीव्हीवर कुठल्यातरी देशात गोळीबार दाखवला, की त्यांची मान पुढं यायची. बातमीदार हिंदीत काय सांगतोय ते त्यांना अर्धंच समजायचं. ते मला हाक मारायचे. "पोरी, ह्ये दोघं कोन? बरं. आनि ह्येंच्यात तिसरा कोन?" मी जे काय ऐकलं-वाचलं असेल ते सांगायचे. मग ते विचारायचे, "त्येनं पलटन कुटली आनली? सोताची का दुसऱ्याची?" परक्याच्या लढाईत माणसं दुसऱ्याचीच पाठवायची असतात, हे त्यांना माहीत होतं. कारण ते स्वतःच त्या पाठवलेल्या माणसांतले एक होते.

जावाची लढाई त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितली ती भाजीवर. सुनेनं पौडच्या बाजारातून भाजी आणून ओसरीवर ओतली होती. नाईक खाली बसले. त्यांनी फरशीवर मिरच्या पसरल्या. "ही तितली लोकं. देश ह्येंचा." मिरच्यांच्या डोक्यावर एक मोठा कांदा ठेवला. "ह्यो डच. लई वर्सं बसल्याला." मग लसणाचा गड्डा आणून कांद्याला बाजूला ढकललं. "ह्यो जपानी. लढाईत आला, त्येनं डचाला हाकललं. मंग जपानी हरला. हरल्या हरल्या ह्या मिरच्या म्हनल्या, आता आमचं आमी बगू. झेंडा लावला. झालं की न्हाई?"

"झालं," मी म्हणाले.

"कुटलं झालं." त्यांनी दोन बटाटे मधे ठेवले. "ह्यो इंग्रज. म्हनला, आमी जपान्याची हत्यारं गोळा कराया आलोय, आनि छावनीत अडाकल्याल्या डचांच्या बायकापोरांना सोडवाया आलोय. त्येबी खोटं न्हवतं. पन बटाट्याच्या मागं कोन लपलंय?"

बटाट्याच्या मागं कांदा होता.

"आता ह्यो लसूण," त्यांनी गड्डा उचलला आणि हवेत तसाच धरला. "कालपातुर आमी ह्येला मारत हुतो. माझ्या डोळ्यादेकत माझी मानसं मारली ह्येनं. आनि तितं सायब काय म्हनतोय, जपान्याची हत्यारं काडू नका, जरा मानसं कमी हायती, त्येला आपल्याच बाजूला उभा करा." गड्डा बटाट्यांच्या ओळीत गेला. "पहाऱ्याला माझ्या शेजारी जपानी. दोघं एकमेकांकडं बघत न्हवतो."

मग त्यांनी मूठभर शेंगदाणे घेतले. "आनि ह्ये आमी." शेंगदाणे कुठं ठेवावेत ते ठरेना. बटाट्यांजवळ ठेवले, उचलले. मिरच्यांजवळ नेले. तेवढ्यात सून आली आणि म्हणाली, "मामंजी, सरका, आमटी टाकायचीय." तिनं लढाईतल्या सगळ्या बाजू एका टोपलीत भरल्या. नाईक हातातले शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकत बसून राहिले.

हे मी नंतर कितीतरी वेळा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मांडणी वेगळी असायची. कधी लसूण आधी यायचा, कधी कांदा दोन्हीकडं असायचा. मी एकदा इंटरनेटवर वाचून त्यांना क्रम सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला कागदावरनं नीट दिसतंय. आमाला रस्त्यावरनं दिसत न्हवतं."

त्यांच्या बापाचं एक उपप्रकरण होतं. मुळशीच्या धरणात गाव गेलं त्या सत्याग्रहात बाप येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आलेला. गाव गेलं, जमीन गेली, माणसं वर सरकली. घरात खायला नाही म्हणून पोरगा पलटणीत भरती झाला, तेव्हा बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. "बापाला सरकारनं धरला, मला सरकारनं पोसला," नाईक म्हणायचे. "दोघं एकाच ताटात कसं जेवनार?" बाप शेवटपर्यंत बोलला नाही. नाईकांना त्याचा राग नव्हता. त्यात कोण चुकलं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, एवढंच.

पंधरा ऑगस्टला ते शाळेत जायचे. इस्त्रीचा कोट, छातीवर बिल्ले. झेंड्याला असा सलाम ठोकायचे, की पोरं झेंडा सोडून त्यांच्याकडं बघायची. पण सगळ्यांच्या मागं, कुंपणापाशी उभे राहायचे. आमच्या पहिल्याच वर्षी एका नव्या शिक्षकानं माइकवरून पुकारलं, की आपल्यात एक ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक उपस्थित आहेत, त्यांनी व्यासपीठावर यावं. नाईक आले, पायऱ्या चढले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी स्वातंत्र्यसैनिक न्हाई. मी त्येच्या उलटा." माइक परत दिला आणि खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते पोरांना कळेना. काहींनी वाजवल्या.

नदीवरच्या पुलाशी त्यांची एक खोड होती. गाडीत असले तर प्रश्न नव्हता. पण पायी जात असले तर पुलाच्या अलीकडं थांबायचे. दम लागला म्हणून नव्हे. उभे राहून पलीकडं बघायचे आणि मग निघायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला धोंडूची गोष्ट सांगितली.

धोंडू त्यांच्याच बाजूचा, वरच्या डोंगरातल्या एका वाडीवरचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. लढाई संपली तेव्हा दोघं मलायात होते. आता घरी, असं धरून चालले होते, तर बोटीत घातलं आणि जावाला उतरवलं. गावाचं नाव सुरबाया का सुरमाया, नाईक दोन्ही म्हणायचे. भिंतीभिंतीवर काहीतरी रंगवलेलं. लोक रस्त्यात मुठी वर करून ओरडायचे, "मर्देका, मर्देका."

"आमाला वाटलं, आमाला इचारत्यात. मर्द हाय का?" नाईक म्हणाले. "धोंडू म्हनला, आपून काय सांगायचं ह्येंना? मंग एका पंजाबी हवालदारानं सांगितलं, त्यांच्या बोलीत मर्देका म्हंजी स्वातंत्र्य."

पुढं गोळीबार सुरू झाला. तिथले लोक उर्दूत छापलेले कागद टाकायचे. तोच पंजाबी हवालदार वाचून दाखवायचा, की बाबांनो, तुम्हीही गुलाम आणि आम्हीही, मग आमच्यावर का उठलात? साहेबानं कागद जाळायला लावले. पण ऐकलेलं जाळता येत नाही. काही जण बंदुकीसकट पलीकडं निघून गेले. धोंडू फार बोलायचा नाही. एकदा एवढंच म्हणाला, की आपलं गाव बुडलं तेव्हा आपल्या लोकांनी असेच कागद वाटले असतील.

दोघांची नेमणूक एका पुलावर होती. मधे जरा थंडावलं होतं. एका संध्याकाळी पुलाच्या अलीकडच्या तोंडाला एक म्हातारी बोचकं घेऊन येऊन बसली. तिला पलीकडं जायचं होतं, पण पाय उचलेना. धोंडूनं तिचं बोचकं डोक्यावर घेतलं, बंदूक नाईकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "पोचवून येतो." तो तिच्या चालीनं पूल ओलांडून गेला. थोड्या वेळानं पलीकडं गोळ्या वाजल्या. तो आला नाही.

"पळून गेला असं सायबानं लिवलं," नाईक म्हणाले. "बंदूक ठिवून गेला म्हंजी यायचं न्हवतं त्येला, असं सायबाचं म्हननं. मी म्हनलं, बंदूक ठिवून गेला म्हंजी यायचं हुतं. पळनारा बंदूक घिऊन जातो. सायब म्हनला, चोर म्हनू नये म्हनून ठिवली. आता तूच सांग पोरी, काय खरं?"

मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही पटत होत्या.

परत आल्यावर नाईक धोंडूच्या वाडीवर गेले होते. दारात त्याची आई होती. तिनं विचारलं, "जिता हाय का?" नाईक म्हणाले, "म्हाईत न्हाई." ती म्हणाली, "मंग आलास कशाला?" त्यानंतर ते त्या वाडीवर कधी चढले नाहीत.

एकदा आमच्या ऑफिसात प्रशिक्षणासाठी परदेशातल्या शाखेतली काही मंडळी आली. त्यात रत्ना नावाची एक मुलगी जावाची निघाली. खरोखरच्या जावाची. मी तिला रविवारी जेवायला बोलावलं आणि नाईकांना आधी सांगून ठेवलं. सकाळपासून ते दाढी करून, कोट घालून फाटकापाशी उभे. बिल्ले मात्र काढून ठेवले होते. ती रिक्षातून उतरली तसे ते दोन पावलं मागं सरले.

बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. मी इंग्रजीचं मराठी करायचे, मराठीचं इंग्रजी. रत्ना सत्तावीस-अठ्ठावीसची, हसरी. तिला ती लढाई शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होती. ती म्हणाली, आमच्याकडं त्या लढाईची आठवण म्हणून दर वर्षी एक दिवस पाळतात. मग सहज म्हणाली, "माझी आजी आम्हाला भीती घालायची. जेवा, नाहीतर गुरखा येईल. भारतातून आलेल्या सगळ्याच शिपायांना आमचे लोक गुरखाच म्हणायचे."

हे मराठीत सांगावं की नाही, मला ठरवता येईना. नाईक माझ्या तोंडाकडं बघत होते. मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "आमी गुरखं न्हवतो. मावळातलं हुतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पन बरोबर हाय तिचं. आमची आईबी म्हनायची, झोप, न्हाईतर गोरा यील."

मी तिला सांगितलं. ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "आमच्यातलं कुनी तितं ऱ्हायलं का?"

रत्ना म्हणाली, हो, असं ऐकलंय. काही शिपाई आमच्या बाजूला आले, आमच्याकडून लढले, तिथंच लग्नं करून राहिले. नावं तिला माहीत नव्हती. ती मुद्दाम कुणाबद्दल काही सांगत नव्हती. तरी नाईकांनी ते ऐकलं ते धोंडूबद्दलच. रत्ना गेल्यावर ते ओसरीवर बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "तिकडं त्येची नातवंडं असतील. तिच्यासारकी. हसनारी." मला ते खरं वाटत नव्हतं, पण खोटं आहे असंही म्हणवेना.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीनं शाळेसमोर स्मृतिस्तंभ उभारायचं ठरवलं. काळ्या दगडाचा चौकोनी खांब. समोर 'स्वातंत्र्यसैनिक', मागं 'शहीद जवान'. सरपंच तरुण होता, प्लॉटिंगचा धंदा करणारा, पण गावासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटणारा. वाड्या गावाच्याच पंचायतीत, त्यामुळं धोंडूचं नाव निघालं. देवळात बैठक झाली. मीही गेले होते, मागं बायकांत बसले होते.

एकजण म्हणाला, शहिदांत घाला, लढाईत गेला ना. दुसरा म्हणाला, इंग्रजाच्या पलटणीतून पळालेला शहीद कसा? तिसरा म्हणाला, पळाला म्हणजे इंग्रजाविरुद्ध गेला, मग स्वातंत्र्यसैनिकांत घाला. यावर शिक्षक म्हणाले, "पण स्वातंत्र्य कुणाचं? आपलं नव्हे. दुसऱ्या देशाचं." मग सगळे एकदम बोलू लागले. मला मधूनच कळेना, की आत्ता जो बोलतोय तो धोंडूच्या बाजूचा आहे की विरुद्ध. बहुधा त्यालाही कळत नसावं.

शेवटी सरपंच म्हणाला, "नाईक, बघणारे तुमी एकलेच. तुमी सांगाल त्या बाजूला नाव घालू."

नाईक खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "स्वातंत्र्यसैनिकात घाला."

"म्हंजी त्यो पलीकडं गेला, हे नक्की?"

"त्येनं पूल वलांडला, ह्ये नक्की. तिकडं स्वातंत्र्य हुतं, हिकडं नोकरी हुती. त्यो तिकडं गेला."

"बरं. आनि तुमचं नाव कुठल्या बाजूला?"

"माझं नगं."

"असं कसं नगं? जित्या मान्सांत तुमीच तेवढं उरलाय."

"दगडाला तुमी दोनच बाजू केल्यात," नाईक म्हणाले. "मी कुटल्याच बाजूला बसत न्हाई."

सरपंचानं मग हा विषय वाढवला नाही. एवढंच म्हणाला, की धोंडूच्या घरच्यांना विचारायला हवं. घरचं म्हणजे फक्त त्याची धाकटी बहीण उरली होती, त्याच वाडीवर. आणि विचारायला नाईकांनीच जावं, असं सगळ्यांनी ठरवलं.

आता तो स्तंभ शाळेसमोर उभा आहे. आम्ही ते गाव सोडून कितीतरी वर्षं झाली. नाईक स्तंभ झाल्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, झोपेत. त्यांचं नाव दगडावर कुठंच नाही, तेवढं त्यांचं ऐकलं गेलं. अजून त्या रस्त्यानं जायची वेळ आली, की मी गाडी थांबवून बघते. धोंडूचं नाव समोरही नाही आणि मागंही नाही. ते उजव्या बाजूला आहे. तिथं वर काहीही कोरलेलं नाही, नुसतं नाव आणि वाडी. नवीन माणसांना वाटतं, कारागीर चुकला. पण ते नाईकांनीच वाडीवरून परतल्यावर सरपंचाला सांगून तसं करून घेतलं. त्या सकाळी त्यांना वर घेऊन गेले होते मी.

नवऱ्याची जुनी गाडी रस्ता संपेपर्यंत नेली. पुढं पायवाट. नाईक काठी टेकत, थांबत थांबत चढले. मला वाटेत एकदाच म्हणाले, "तवा त्येची बहीन दारामागं हुती. झग्यात. डोळं तेवडं दिसत हुतं."

ती आता ऐंशीला टेकलेली बाई होती. अंगणात शेळ्यांना पाला घालत होती. नाईकांनी स्वतःचं नाव सांगितलं. तिनं हातातला पाला खाली ठेवला, पण ये, बस, काही म्हणाली नाही. आम्हीच दगडावर बसलो. नाईकांनी सगळं सांगितलं. स्तंभ, बैठक, बाजू. मग म्हणाले, "त्येनं चांगलंच केलं. त्यो त्यांच्या स्वातंत्र्यासाटी गेला. तसं नाव घालतो. तुजी काय हरकत?"

तिनं हे ऐकलं की नाही कळेना. ती एका शेळीच्या कानामागं हात फिरवत होती.

"जाताना जेवला हुता का त्यो?" तिनं विचारलं.

नाईक थांबले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. साहेबानं बंदुकीचं विचारलं असेल, मीही बंदुकीचाच विचार करत बसले होते.

"न्हाई," ते सावकाश म्हणाले. "भात चुलीवर हुता. निम्माअर्धा शिजल्याला. मी म्हनलं, जेवून जा, म्हातारी काय पळून जात न्हाई. तर म्हनला, माझा झाकून ठिव. आलोच."

"मंग यायचं हुतं त्येला," ती म्हणाली.

नाईकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, की माणूस जाताना असं म्हणतोच, की त्याचा काही अर्थ धरायचा नसतो. रत्ना काय म्हणाली ते सांगतील. पण त्यांनी तसं काही केलं नाही. ते तिच्याकडं बघत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ठिवला हुतास का मंग?" तिनं विचारलं.

"काय?"

"भात."

"ठिवला हुता. झाकून."

"मंग?"

"उजाडोस्तर वाट बगितली," नाईक म्हणाले. "मंग मी खाल्ला."

शेळ्या पाला ओरबाडत होत्या. मग तिनं पदरानं हात पुसले.

"बरं केलंस," ती म्हणाली. "टाकला न्हाईस त्ये."